आक्कासाहेबांनी चहा घेतला नाही

"बाई, हे काय आहे?"

सयाजीदादांच्या वकिलांनी माझ्या नाकापुढं कापसाचा बोळा धरला होता. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी होते.

"कापूस," मी म्हणाले.

मागच्या बाकांवर हशा पिकला. जजसाहेबांनी मान वर केली तसे सगळे गप्प झाले.

"कापूस आहे हे मलाही दिसतंय. वास कसला येतोय?"

"वास न्हाई येत."

"अजिबात?"

"अजिबात न्हाई."

वकिलांनी बोळा जजसाहेबांच्या टेबलावर ठेवला. "साहेब, अत्तर आहे. पुडी उघडल्यापासून पहिल्या बाकावरच्या सगळ्यांना आलंय. लंगडणाऱ्याचा पाय तपासता येतो. नाक गेलं म्हणणाऱ्याचं काय तपासायचं? डॉक्टरांच्या दाखल्यातसुद्धा 'रुग्णाच्या सांगण्यावरून' असंच म्हटलंय."

यात ते खोटं काही बोलत नव्हते. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं होतं की डोकं जोरात आपटलं की कधी कधी वासाची नस आतल्या आत तुटते, वरून काही दिसत नाही. माझ्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं ते फोटोत दिसलं. नाकाचा असा फोटो निघत नाही.

आता नाकच गेलं ना, जीव तर वाचला, असं तुम्हालाही वाटेल. पण मी चटणी करून देणारी बाई. आमच्या गडहिंग्लज भागात चटणी म्हणजे वर्षाचं लाल तिखट, कांदा-लसूण घातलेलं. उन्हाळ्याच्या तोंडाला मिरच्या वाळल्या की मला घरोघरची बोलावणी यायची. काही घरांची चटणी मी माझ्याच चुलीवर करून द्यायचे. मिरची काय, कांडपावरून कुणीही कुटून आणतं. खरं काम त्याआधी कढईपुढं असतं. खोबरं, तीळ, धणे, खसखस, एकेक जिन्नस भाजायचा आणि नेमका उतरवायचा. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, नाकाला ते आधी कळतं. माझ्या हातची चटणी वर्ष सरेपर्यंत जशीच्या तशी राहायची आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला सांगू.

अपघातानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी दोन घरची चटणी कडू करून ठेवली. तिसऱ्या घरानं बोलावलंच नाही. नवरा आधीच गेलेला, मुलगी बेळगावला दिलेली. मग मी वकील गाठला.

मला जीपनं उडवलं होतं आमच्याच गावच्या सयाजीदादा इंगवल्यांनी. मोठं बागायतदार घर. वडील वारल्यावर शेती, घर, जीप, सगळं आईच्या, म्हणजे आक्कासाहेबांच्या नावावर झालेलं. जीपचा विमा भरायचा राहून गेला होता, त्यामुळं भरपाई द्यायची तर ती त्यांनाच द्यावी लागणार होती. सयाजीदादा पोलिसांना सापडले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून. रक्तात मग काय सापडणार? ते प्यालेले होते याला पुरावा एकच, माझा शब्द. आणि त्या शब्दावरच वकिलांनी बोट ठेवलं.

"पोलिसांना तुम्ही सांगितलंत की सयाजीराव दारू प्यालेले होते, तोंडाला वास येत होता. बरोबर?"

"व्हय."

"आणि तुमची वास घ्यायची शक्ती गेली कधी?"

"डोकं आपटलं तवाच."

"मग दारूचा वास कोणत्या नाकानं घेतलात?"

पुन्हा हशा. वकील आता रंगात आले होते.

"टेम्पोवाल्या साक्षीदारानं सांगितलंय, तुम्ही बेशुद्ध होता. त्यानं कांदा फोडून नाकाला लावला, तेव्हा तुम्ही डोळे उघडलेत. म्हणजे कांद्याचा वास आला?"

"डोळं चुरचुरलं."

"साहेब, बाईंना दारूचा वास येतो, कांदा नाकाला लावला की शुद्ध येते, फक्त अत्तराचा वास येत नाही. एक तर दारूचं खोटं आहे, नाहीतर नाकाचं. दोन्ही खरं कसं असेल? बाईंनीच सांगावं."

दोन्ही खरं होतं. कसं खरं होतं ते मला माहीत होतं, आणि त्या खोलीत आणखी एका माणसाला माहीत होतं. आक्कासाहेब पहिल्या बाकावर, दोन्ही खांद्यांवरून पदर घेऊन, समोरच्या भिंतीकडं बघत बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी भिंत सोडली नाही.

"बाई, उत्तर द्या," जजसाहेब म्हणाले.

"मला सांगता येत न्हाई."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

पुढची तारीख पडली.

बाहेर आल्यावर माझे वकील, मगदूमसाहेब, चांगलेच तापले. "मालनबाई, निदान मला तरी सांगा. वास तुम्हाला कधी आला?"

"ती घरातली गोष्ट हाय."

"कुणाच्या घरातली?"

"सांगू नये अशी."

"तुमचा दावा बुडायलाय, आणि तुम्ही घर कसलं सांभाळताय?"

त्यांना मी काय सांगणार? दुसऱ्याच्या चुलीपुढं बसून पोट भरणाऱ्या बाईला एक पाळावंच लागतं. कोणाच्या सुनेला कोण बोललं, कोणाचा मुलगा रात्री घरी आला नाही, हे सगळं कढईपुढं बसून दिसतं, आणि उठताना ते तिथंच सोडून उठायचं असतं. एका घरातलं दुसऱ्या घरात गेलं की तिसऱ्या घराचं दार बंद. माझ्या सासूनं मला भाजायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. आता मला कोणी चुलीपुढं बसवत नव्हतं, पण सवय कुठं जाते?

त्या दिवसांत मला काही वाटायचंच बंद झालं होतं. भाकरी खाल्ली काय, आमटी प्याली काय, तोंडात सगळं एकच. शेजारची गौरव्वा रोज संध्याकाळी सूप घेऊन माझ्या घरात निवडत बसायची. तीही यायची थांबली. आपल्याच कट्ट्यावरून बोलायची. "आत ये की," म्हटलं तर म्हणायची, "हितंच बरं हाय, वारं लागतंय." गल्लीतली पोरं माझ्या दारावरून पळत जायची. मी मनाशी हिशेब केला: इंगवल्यांना कोर्टात ओढलं, आता गाव मला वाळीत टाकणार. वाईट वाटायला हवं होतं. मी दार लावून घेतलं, एवढंच.

आणि एका दुपारी त्या दारात आक्कासाहेब उभ्या.

त्या माझ्या घरी कधीच आल्या नव्हत्या. त्यांचा गडी सिद्राम मागं रस्त्यावर उभा होता. मी जेवत होते. ताट बाजूला सारून उठले, घोंगडी अंथरली. आक्कासाहेबांनी उंबऱ्याच्या आत पाय टाकला आणि तिथंच थबकल्या. पदर नाकाला लावला.

"बसा की," मी म्हणाले.

"मी इथंच बरी आहे." त्या दाराला लागूनच बसल्या. "जेवत होतीस?"

"झालंच हुतं."

"इथंच जेवतेस? रोज?"

"मग आणि कुठं जेवू?"

त्या माझ्याकडं नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी वर माळ्याकडं पाहिलं, चुलीकडं पाहिलं, पुन्हा ताटाकडं पाहिलं. मला कसंतरीच झालं. घर बघायला यावं असं माझ्या घरात काही नव्हतं.

"खिडकी उघडत नाहीस का गं?"

"कुणासाठी उघडायची? कोण येतंय?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "मी तडजोडीचं बोलायला आले होते, मालन. वकील म्हणतात, खांद्याचं काय ते तिला देऊन टाकू. नाकाचं आणि दारूचं तिनं सोडून द्यावं. ते टिकणार नाही."

"नाकाचं खरं हाय."

"वकील म्हणतात, सोंग आहे." मग त्या म्हणाल्या, "मलाही तसंच वाटलं होतं."

"आणि दारूचं? ते पण सोंग? त्या दुपारी मी तुमास्नी सांगितलं हुतं न्हवं?"

पदराआडून त्यांचा आवाज बारीक आला. "सांगितलं होतंस."

अपघाताच्या दिवशी दुपारी मी त्यांच्याच स्वयंपाकघरात खोबरं भाजत होते. दाराजवळच्या खिळ्याला जीपची किल्ली होती. सयाजीदादा ती काढायला माझ्या अंगावरून वाकले आणि निघून गेले. मी कढई उतरवली आणि आक्कासाहेबांना म्हणाले, दादांना आज गाडी देऊ नका.

"अख्खं घर मिरच्यांनी खोकत होतं," आक्कासाहेब म्हणाल्या. "मला, त्याच्या आईला, वास आला नाही. तुला बरा आला, म्हणून मला राग आला. मी म्हटलं, तू तुझ्या कढईकडं बघ."

"व्हय. तसंच म्हणालासा."

"मग कोर्टात का नाही सांगितलंस?"

"तुमच्या सैपाकघरातली गोष्ट हाय ती. मी कशी सांगू?"

मी चहा टाकला. एक कान न फुटलेला कप होता, तो धुऊन त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी पदर बाजूला करून कप तोंडापर्यंत नेला. मग एकदम खाली ठेवला, उठल्या, आणि भिंतीला धरून बाहेर गेल्या. गटारीजवळ वाकून उभ्या राहिल्या. सिद्राम धावत आला. मागं वळून न बघता त्या निघून गेल्या.

त्या भरलेल्या कपाचा मला राग आला. इतके दिवस काही वाटत नव्हतं, पण तो राग मला स्वच्छ आठवतो. इतकी वर्षं त्यांच्या घरचं तिखट माझ्या हातचं, आणि माझ्या घरचा घोटभर चहा बाईला गिळला नाही! पोराचं पिणं चालतं, गरिबाचा कप चालत नाही. तो चहा मीच पिऊन टाकला, थंडगार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिद्राम केरसुणी आणि फिनेलची बाटली घेऊन हजर.

"आक्कासाहेबांनी धाडलंय. माळा झाडून दे म्हणाल्या. सण आलाय जवळ."

"माझा माळा झाडायला मी मेले न्हाई अजून."

"खांदा वर हुतोय का तुझा?" त्यानं विचारलं. खांदा वर होत नव्हता. मी बाहेर गौरव्वाच्या कट्ट्यावर जाऊन बसले. सिद्रामनं तोंडाला फडकं बांधलं. "धूळ हाय," म्हणाला. मिरच्यांची जुनी रिकामी पोती होती ती सगळी खाली काढली, त्यातलं एक तोंड बांधून गावाबाहेर घेऊन गेला. परत येऊन जमीन दोनदा धुतली. मला कळत होतं की तारखेच्या आधी मला गोड करून घ्यायचं चाललंय. जाताना मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. संध्याकाळी गौरव्वा सूप घेऊन आत येऊन बसली, तेव्हा वाटलं, आक्कासाहेबांचा माणूस घरी येऊन गेल्यावर हिचीही भीती मेली.

तारखेच्या दिवशी कोर्टात आमचा पुकारा झाला आणि कोणी काही बोलायच्या आधी आक्कासाहेब उठल्या.

"साहेब, मला बोलायचंय."

"आक्कासाहेब, बसा तुम्ही," त्यांचे वकील म्हणाले.

"आई!" सयाजीदादांनी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. जजसाहेबांनी परवानगी दिली. त्या पिंजऱ्यात चढल्या, शपथ घेतली.

"गाडी माझ्या नावावर आहे. भरपाई माझ्या घरातून जाणार, हे मला कळतंय. ते कळून बोलतेय, असं लिहून घ्या."

"आक्कासाहेब, तुम्ही आमच्या बाजूच्या आहात," वकील कळवळून म्हणाले.

"वकीलसाहेब, तुमची फीसुद्धा माझ्याच घरातून जाते. जरा बोलू द्या." मग त्या जजसाहेबांकडं वळल्या. "मी हिच्या घरी गेले होते. हिला गप्प बसवायला गेले होते, तेही लिहा. दारातच मला पुढं पाऊल टाकवेना. माळ्यावर पोत्यांत घूस मरून पडली होती, किती दिवसांची कुणास ठाऊक. सगळी गल्ली नाक धरून चालत होती. आणि ही बाई त्याच माळ्याखाली बसून भाकरी खात होती. मला म्हणाली, बसा. चहा केला माझ्यासाठी. मला तो तोंडाला लावता आला नाही, बाहेर जाऊन ओकले मी. हिला कळलंसुद्धा नाही. असं सोंग कोण करेल, साहेब?"

या खेपेला कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळं कोर्ट माझ्याकडं बघत होतं, आणि मला गौरव्वाचं वारं, पळणारी पोरं, सिद्रामच्या तोंडाचं फडकं, एकेक करून सगळं समजत गेलं. कानशिलं तापली. मला त्या घरात एकटीला सोडून सगळं गाव काय बोललं असेल? मी खाली बघत उभी राहिले.

"आणि दारूचा वास हिला अपघाताच्या आधी आला होता," आक्कासाहेब सांगत होत्या. "माझ्या स्वयंपाकघरात. हिनं मला सांगितलं, पोराला गाडी देऊ नका. मी हिलाच गप्प केलं."

जजसाहेबांनी मला विचारलं, "बाई, हे खरं?"

"व्हय."

"मग पोलिसांना अपघातानंतरचा वास का सांगितलात?"

"कवाचा ते त्यांनी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. नंतरचा वास न्हवताच, साहेब. त्याच सांजंला घरी येताना ओढ्याच्या पुलाजवळ मी पडले, दादा उतरून बघायला आले. तोंडाजवळ तोंड आणून मालनबाई, मालनबाई म्हणत हुते. दुपारी ज्या माणसाचा वास मला खोबऱ्याच्या धुरातनं आला, त्याचा काय म्हणून वास येईना. मला वाटलं, मी मेले. मग शुद्ध गेली."

सयाजीदादा उठून बाहेर निघून गेले.

निकाल माझ्या बाजूनं लागला, नाकासकट. मगदूमसाहेबांनी पेढे वाटले. मी एक खाल्ला, गोड होता एवढं जिभेला कळलं.

पण ते नंतरचं. साक्षीच्या त्या दिवशी आक्कासाहेब मला कोर्टाच्या पायऱ्यांवर भेटल्या. सयाजीदादा त्यांना तिथंच टाकून जीप घेऊन गेले होते. त्या एकट्याच पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"मला त्याच दुपारी का न्हाई सांगितलंसा?" मी विचारलं.

"काय सांगणार? चटणीवाल्या मालनच्या घरात घाण वास येतोय, आणि तो तिला येत नाही, असं तुझ्या तोंडावर सांगू? माझी जीभ उचलली नाही."

"आणि सगळ्या कोर्टापुढं उचलली."

"तिथं तुझ्या कामाला आली." त्यांनी पदर सारखा केला. "एस.टी. किती वाजता आहे गं?"

आम्ही एकाच गाडीनं गावी आलो, वेगवेगळ्या बाकांवर बसून. त्यानंतर त्या कधी मला चटणीला बोलावू शकल्या नाहीत, आणि मीही त्यांच्या घरी गेले नाही. पण रस्त्यात भेटल्या की थांबायच्या, विचारपूस करायच्या. आता त्या नाहीत.

त्या दिवशी गावात उतरून मी सरळ गौरव्वाच्या दारात गेले. माझं तोंड बघूनच तिला कळलं.

"कसं सांगायचं गं तुला?" ती रडायलाच लागली. "आधीच तुझं असं झालेलं. म्हटलं, वाईट वाटंल. रोज सांगायचं म्हणायची नि रोज तोंडच उघडंना."

"रडू नको. माझ्या घरात चल. कसला कसला वास येतोय ते सगळं सांग. काय लपवू नको."

ती आत आली. डोळे पुसत दारातच उभी राहिली आणि नाक वर करून हुंगायला लागली. दुसरी वेळ असती तर मला हसू आलं असतं.

"फिनेलचा येतोय. घोंगडीला घामाचा येतोय, उन्हात टाक. त्या कोपऱ्यात वल हाय." तिनं फडताळातला डबा उघडला. "ह्यातलं तेल खवट झालंय. खातीस हे?"

"खात हुते."

"टाकून दे." ती चुलीजवळ गेली. भिंतीशी वाकली, थांबली, नाक अगदी भिंतीला लावलं. "हितं चटणीचा येतोय."

"कोणाची? हल्ली कुठं केली मी?"

"हल्लीचा न्हाई. जुना. भिंतीत बसलाय. तुझ्या चांगल्या चटणीचा, खोबऱ्याचा, तिळाचा. मस्त येतोय गं."

मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिचं नाक होतं तिथंच माझं नाक लावलं आणि छाती भरून श्वास ओढला. भिंत गार होती, खरखरीत होती. मी पुन्हा ओढला. अपघात झाल्यापासून डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, ते सगळं तिथं, त्या भिंतीशी आलं.

गौरव्वानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "आला?"

"न्हाई," मी म्हणाले. "तू सांगत ऱ्हा."